'रिले'ला मराठीत काय म्हणायचं? (मेल सर्व्हरच्या संदर्भात)

आमच्या कारखान्यात आयबीएमचं एएस/४०० हे कॉम्प्युटर आहे, म्हणजे आताचं नाव 'आयबीएम आय', पण १९८८ साली आलेलं पहिलं नावच सगळ्यांच्या तोंडात बसलंय. त्याच्यावरून रोज रात्री स्टॉक रिपोर्ट आणि डिस्पॅचच्या याद्या मेलने जातात. रात्रपाळीच्या ऑपरेटरसाठी मी मराठीत टिपण लिहितोय आणि एका शब्दावर अडकलोय.

एएस/४०० स्वतः बाहेर मेल पाठवत नाही, ते ऑफिसच्या मेल सर्व्हरकडे देतं आणि तो पुढे पाठवतो, यालाच रिले म्हणतात. त्यासाठी सीएचजीएसएमटीपीए या मेलच्या सेटिंग बदलायच्या कमांडमध्ये 'मेल राउटर'च्या जागी त्या सर्व्हरचं नाव घातलंय, 'फायरवॉल'ला यस केलंय आणि एसएमटीपी, म्हणजे मेल पाठवणारी सेवा, बंद करून परत चालू केलीय, एवढं सगळं मराठीत नीट लिहून झालं. घोळ झाला तो ५५० एररपाशी, म्हणजे मेल सर्व्हरने नकार देताना पाठवलेला कोड, 'रिलेइंग डिनाइड'. आधीच्या टिपणात कुणीतरी त्याचं 'प्रसारण नाकारले' केलेलं, ते वाचून ऑपरेटरला वाटलं की समोरच्या पार्टीनेच आपला मेल नाकारला, आणि रात्री साडेअकराला त्याने डीलरला फोन करून तुमचा मेलबॉक्स भरलाय का म्हणून विचारलं. खरं तर मेल डीलरपर्यंत गेलाच नव्हता, आपल्याच मधल्या सर्व्हरने तो पुढे न्यायला नकार दिला होता कारण एएस/४००चा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) बदललेला आणि सर्व्हरच्या परवानगीच्या यादीत नवा आयपी नव्हता. एका चुकीच्या शब्दाने माणूस भलत्याच दाराशी जातो. तर शब्द सुचवा.

—

आकाशवाणीवर 'सहक्षेपण' म्हणतात की, मुंबईचं बातमीपत्र इतर केंद्रं सहक्षेपित करतात.

—

सहक्षेपण नको. त्यात एकाच वेळी सगळीकडे ऐकू जाणं आहे, मेलमध्ये आधी घेऊन ठेवायचं मग पुढे द्यायचं असतं. सरकारी पत्रांतलं 'अग्रेषित' अर्थाने जवळ आहे, पण मेलमध्ये फॉरवर्ड हे वेगळं बटण आहे आणि ते माणूस दाबतो, सर्व्हर नाही, त्यामुळे गोंधळ अजून वाढेल.

—

मला तर वाटतं उत्तर आपल्या जुन्या शब्दातच आहे. 'डाक' म्हणजे आज आपण नुसतं टपाल समजतो, पण मूळ अर्थच ठरावीक अंतरावर माणसं किंवा घोडे बसवून एकाने दुसऱ्याच्या हाती देत पत्रं नेणं असा आहे, म्हणूनच 'डाक बसवणे' हा प्रयोग होता. आणि इंग्रजी रिलेही जुन्या फ्रेंचमधून आलाय, शिकारीच्या वाटेवर ताज्या दमाचे कुत्रे आधीच ठेवायचे त्यावरून, मग घोडे बदलायलाही तोच शब्द लागला. म्हणजे दोन्हीकडे एकच कल्पना, दमलेल्याने थांबायचं आणि ताज्याने पुढे न्यायचं. जिथे ही बदली व्हायची ती डाकचौकी. मग रिले सर्व्हरला डाकचौकी का नको?

—

डाकचौकी फार आवडला! शिवाय चौकीवर अडवतातही, तो अर्थ इथे अगदी हवाय. पूर्वी बरेच मेल सर्व्हर कुणाचीही मेल पुढे न्यायचे, स्पॅमवाल्यांनी त्याचा इतका गैरफायदा घेतला की १९९८ला सेंडमेल या मेल सर्व्हर सॉफ्टवेअरच्या ८.९ आवृत्तीपासून हे मुळातच बंद ठेवायला लागले. अशा कुणालाही मोकळ्या सर्व्हरला, म्हणजे ओपन रिलेला, 'मोकळी चौकी' म्हणता येईल.

—

शब्द सुंदर आहे हे मान्य, पण रात्रपाळीच्या पोराला चौकी म्हटलं की पोलीसच आठवणार. 'टप्पा' घ्या, एसटीमुळे सगळ्यांना कळतो.

आणि एक, नामापेक्षा क्रियापदाकडे लक्ष द्या. एएस/४००ला मधल्या सर्व्हरकडून २५० कोड, म्हणजे 'मेल घेतला' असं उत्तर, आला की त्याच्या हिशोबी काम झालं, आता जबाबदारी त्या सर्व्हरची. ऑपरेटर लॉगमध्ये हे बघतो आणि सकाळी साहेबांना सांगतो 'मेल पोचला'. तो पोचलेला नसतो, 'दिलेला' असतो. टिपणात पाठवला, दिला, पोचला हे तीन वेगळे ठेवा, निम्मी भांडणं तिथेच मिटतील.

—

हे शेवटचं फार मोलाचं आहे, माझ्या टिपणात सगळीकडे 'गेला' लिहिलंय आणि गेला म्हणजे कुठवर गेला हे कुठेच नाही. आज बसून सगळं बदलतो. डाकचौकी मनापासून आवडूनही टप्पाच घेतोय, ५५०पुढे असं लिहिलं: 'मेल पहिल्याच टप्प्यावर अडला, आपल्याच मेल सर्व्हरने पुढे न्यायला नकार दिला. पार्टीला फोन करू नये. सर्व्हर बघणाऱ्याला एएस/४००चा आयपी सांगून परवानगी तपासायला लावणे.'

—

छान. मग 'मेल राउटर'चंही मराठी करणार का?

—

नाही, तो तसाच ठेवतोय. स्क्रीनवर तीच अक्षरं दिसतात, मी मराठी केलं तर तो रात्री हिरव्या स्क्रीनवर तो शब्द शोधत बसेल. रिलेही ५५०च्या ओळीत दिसतो म्हणून एकदा 'रिले म्हणजे टप्पा' असं लिहून ठेवलंय, त्यापुढे सगळीकडे टप्पा.