मदत हवी आहे : दोन लघुदाब जोडण्या मिळून ओपन ॲक्सेस

मंडळी, रावेर तालुक्यात आमचं केळीचं शीतगृह आहे आणि थोड्या अंतरावर रायपनिंग चेंबर (केळी पिकवण्याची खोली). मंजूर भार ६० आणि ५५ किलोवॅट, दोन्ही लघुदाब (कमी व्होल्टेजच्या) जोडण्या, एकाच नावावर, वीज कंपनीच्या एकाच विभागात. कॉम्प्रेसर रात्रंदिवस चालतात, छतावर पुरेशी जागा नाही. म्हणून वीज कंपनीच्या तारांवरून बाहेरच्या प्रकल्पातून सौरवीज घ्यायची आहे, म्हणजेच ओपन ॲक्सेस.

केंद्राच्या २०२२ च्या हरित ओपन ॲक्सेस नियमांत किमान मंजूर भाराची मर्यादा १०० किलोवॅटवर आली, २०२३ च्या दुरुस्तीने एकाच विभागातल्या जोडण्यांची बेरीजही चालते. नियम वाचले, स्थानिक कार्यालयातही विचारलं. तिथे "आधी उच्चदाब घ्या" एवढंच उत्तर. त्यासाठी लागणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा खर्च या हंगामात झेपणार नाही.

महाराष्ट्रात कुणी लघुदाबावरच हे केलंय का? दोन्हीकडे १५ मिनिटांची नोंद ठेवणारे मीटर बसवले तर अर्ज मंजूर होतो, की उच्चदाब सक्तीचाच?