इराकवरचं २००३ चं युद्ध बरोबर होतं का? आणि २६/११ नंतर आपणही तेच करायला पाहिजे होतं का?

रावेरचा_बंटी
राम राम मंडळी. काल शेतात भरीत पार्टी होती, भरीत राहिलं बाजूला आणि पुण्याहून आलेल्या दादाशी माझी जुंपली. त्याचं म्हणणं, अमेरिकेवर ११ सप्टेंबर २००१ ला हल्ला झाला तर त्यांनी अफगाणिस्तान ठोकलं, इराक ठोकलं, परत तिकडे तेवढा मोठा हल्ला झाला का? आणि आपली मुंबईत १६६ माणसं गेली तरी आपण पाकिस्तानला पुरावेच पाठवत बसलो. मला पटत तर नव्हतं पण उत्तरही देता येईना, इराक झालं तेव्हा मी बालवाडीत होतो. जाणकारांनी जरा नीट सांगा, शिवीगाळ नको.

धुळेकर_नाना
बंटी, आधी ही दोन युद्धं वेगळी कर, सगळा घोळ तिथंच आहे. अफगाणिस्तानात ओसामा खरंच बसलेला होता, तालिबान त्याला देत नव्हते, म्हणून ७ ऑक्टोबर २००१ ला हल्ला झाला, ते समजू शकतो. इराकचा ९/११ शी काय संबंध? विमानं पळवणारे १९ जण होते, त्यातले १५ सौदीचे, इराकचा एकही नाही. अमेरिकेच्याच चौकशी आयोगानं २००४ ला लिहून दिलं की इराकचा हुकूमशहा सद्दाम आणि ओसामाची अल कायदा यांनी मिळून हल्ले केल्याचा पुरावा नाही. मग कारण काय दिलं तर इराककडची रासायनिक आणि जैविक अस्त्रं. फेब्रुवारी २००३ ला अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेलनं युनोत चित्रं दाखवली, टेप ऐकवल्या, तिकडे युनोचा अस्त्र तपासणी प्रमुख हान्स ब्लिक्सची माणसं इराकमधे तपासणी करतच होती आणि आणखी थोडे महिने मागत होती, पण थांबायचंच नव्हतं ना. मार्चमधे घुसले, एप्रिलमधे बगदाद पडलं, आणि साठे काही सापडले नाहीत. आग रामेश्वरी न बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच.
मी फौजेत २२ वर्षं काढली म्हणून सांगतो, शहर जिंकणं सोपं असतं, त्याच्यानंतरचं कोणी प्लॅन करत नाही. मे २००३ ला अमेरिकेनं इराकवर नेमलेल्या ब्रेमर साहेबानं एका हुकमात इराकचं अख्खं सैन्य बरखास्त केलं. साडेतीन-चार लाख माणसं, हत्यार चालवायचं ट्रेनिंग झालेली, पगार बंद, इज्जत गेली. ती कुठे जातील? त्यातलेच बरेच अधिकारी पुढे आयसिस या दहशतवादी संघटनेत निघाले, आणि जून २०१४ ला मोसूल त्यांच्या ताब्यात गेलं. दादाला सांग, आपले ३९ कामगार त्या मोसूलमधेच मारले गेले. इराकमधे त्याआधी असा दहशतवाद नव्हताच, तो युद्धानंतर पैदा झाला.

खान्देशी_ठसका
नाना मान तुम्हाला आहे पण एकच बाजू सांगू नका. सद्दाम काय संत होता का? १९८८ ला हलब्जामधे स्वतःच्याच देशातल्या कुर्दांवर विषारी गॅस सोडला, पाच हजाराच्या आसपास मेले, बायका पोरं सगळी. अशा माणसाला काढलं तर वाईट काय झालं? सगळ्यांनी युनोची परवानगी येईपर्यंत वाट पाहायची तर हुकूमशहांना रान मोकळंच. अन भो इथं बसून शांततेचं बोलणं सोपं आहे.

भुसावळ_कुवेत_भुसावळ
ठसका भाऊ, हलब्जा झालं १९८८ ला, तेव्हा अमेरिका गप्प होती, उलट इराणविरुद्ध सद्दामलाच मदत चालू होती. १५ वर्षांनी एकदम माया आली व्हय?
मी १९९० ला कुवेतमधे होतो. २ ऑगस्टला इराकी रणगाडे घुसले ते या डोळ्यांनी पाहिलंय. तिथून बसनं जॉर्डन, अम्मानहून एअर इंडियानं मुंबई, एक लाख सत्तर हजारावर भारतीय असे आणले तेव्हा. म्हणून १९९१ चं युद्ध मला चूक वाटत नाही, एका देशानं दुसरा देश गिळला होता, युनोचा ठराव होता, आणि कुवेत मोकळं झाल्यावर सैन्य थांबलं, बगदादला गेलं नाही. २००३ मधे यातलं काय होतं सांगा? आपल्या लोकसभेनंही एप्रिल २००३ ला निंदेचा ठराव केला, आणि अमेरिका सैन्य मागत होती तरी वाजपेयी सरकारनं पाठवलं नाही. लई मोठं काम केलं ते, नाहीतर आपली पोरं तिथं कोणाच्या भांडणात मेली असती. साडेचार हजाराच्या आसपास अमेरिकन सैनिक गेले, इराकी सामान्य माणसं तर लाखावर.

वकीलताई_धुळे
बंटीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळेना म्हणून लिहिते. २६/११ ला तुकाराम ओंबळेंनी कसाबला जिवंत धरला, स्वतः गोळ्या झेलून. तो जिवंत होता म्हणून कराची, बोट, फोनवरचे हुकूम सगळं कोर्टात उभं राहिलं आणि फेब्रुवारी २००९ ला पाकिस्तानला कबूल करावं लागलं की कटाचा काही भाग त्यांच्या जमिनीवर रचला गेला. हे "कागद पाठवणं" नाही, तपास आहे. पुढे हल्ल्याआधी मुंबईची टेहळणी करणारा हेडली सापडला, त्याचा साथीदार तहव्वूर राणा एप्रिल २०२५ ला भारतात आणला. उशीर झाला का? झाला, फारच झाला, मला त्याचा रागच येतो. पैशाच्या बाजूनेही तसंच, २०१८ ते २०२२ पाकिस्तान एफएटीएफच्या (दहशतवाद्यांचा पैसा रोखणारी आंतरराष्ट्रीय संस्था) ग्रे लिस्टमधे, म्हणजे नजरेखालच्या देशांच्या यादीत होता, तेव्हा कुठे लष्कर-ए-तोयबाच्या हाफिज सईदला शिक्षा झाली.
पण तपास चुकला तर काय होतं तेही आपल्या शेजारीच पाहिलंय. मालेगाव इथून तासाभरावर. सप्टेंबर २००६ ला शब-ए-बरातच्या दिवशी स्फोट झाले, मेले तेही मुसलमान आणि पकडलेली पोरंही मुसलमान, त्यातल्या काहींनी पाच पाच वर्षं जेलात काढली आणि २०१६ ला कोर्टानं सोडून दिलं. तेवढी वर्षं खरा गुन्हेगार निवांत. इराकमधे एका देशाचा पत्ता चुकला, इथं एका गल्लीचा.

पारोळ्याना_पोऱ्या
ताई तुमनं म्हननं पटनं. पण मग ऑपरेशन सिंदूर चूक का?

धुळेकर_नाना
कोण म्हणतं चूक? पहलगामला २६ जणांना मारलं, ७ मे २०२५ ला नऊ ठिकाणं मारली, बहावलपूर मुरीदके ही दहशतवादी अड्ड्यांची नावं जगाला आधीपासून ठाऊक होती, आणि चार दिवसांत थांबले. लाहोर घ्यायला निघाले नाहीत. ठिकाण माहीत असलं की माराच. फक्त टीव्हीवाले कराची घेऊन मोकळे झाले होते तसं डोक्यात घेऊ नका. सीमेवरच्या माणसाचं काय होतं ते आपल्या धुळ्याजवळच्या बोरविहीरच्या घराला विचारा, सर्जिकल स्ट्राईकच्या दिवशी आपला जवान चुकून पलीकडे गेला तो चार महिन्यांनी, जानेवारी २०१७ ला परत आला.

रावेरचा_बंटी
सगळ्यांचे आभार. दादाला सगळं वाचून दाखवलं. इराकवर तो गप्प झाला, आता म्हणतो नाना म्हणतात अफगाणिस्तान समजू शकतो, तर मग वीस वर्षांनी ऑगस्ट २०२१ ला तालिबान परत काबूलमधे कसे? याला काय सांगू?

धुळेकर_नाना
त्याला विचार ओसामा शेवटी कुठे सापडला. अबोटाबादला, पाकिस्तानच्या लष्करी अकादमीजवळ, आणि तोही त्याचे निरोप नेणाऱ्या माणसाचा माग काढून, २ मे २०११ ला, हेलिकॉप्टरमधून आलेल्या मूठभर कमांडोंनी. तोपर्यंत काबूलमधे दहा वर्षं फौज बसून होती. मी सुरुवातीचं समजू शकतो म्हणालो, वीस वर्षांचं नाही.

खान्देशी_ठसका
हे मात्र मान्य. पण सद्दामवर माझं मत तेच आहे.