नेमलेल्या सिनेटरांचे पक्षप्रेम
निवडणूक लढवायची नसल्याने कॅनडाचे सिनेटर (संसदेच्या वरच्या सभागृहाचे, म्हणजे सिनेटचे सदस्य) पक्षापलीकडे जाऊन संयमाने बोलतात, असं काही जण म्हणतात. मला हे पटत नाही. १०५ जागा, पंतप्रधानांच्या शिफारशीवरून नेमणूक आणि वयाच्या ७५ पर्यंत पद! मतदाराला जाब द्यायचाच नसेल, तर ज्याने नेमलं त्या पक्षाशीच निष्ठा उरते.

२०१४ मध्ये लिबरल पक्षाचे तेव्हाचे नेते जस्टिन ट्रुडो यांनी लिबरल सिनेटरांना पक्षाच्या संसदीय गटातून बाहेर काढलं आणि २०१६ पासून स्वतंत्र सल्लागार मंडळ सिनेटरपदासाठी नावं सुचवू लागलं. सुधारणा चांगलीच होती. पण नोव्हेंबर २०२३ आठवा. शेतकऱ्यांना इंधनावरच्या कार्बन करातून सूट देणाऱ्या सी-२३४ विधेयकावर अपक्ष सिनेटर बर्नाडेट क्लेमेंट यांनी चर्चा तहकूब करण्याचा प्रस्ताव मांडला. नियमात बसणारी साधी गोष्ट. त्यावर सिनेटमधले तेव्हाचे कॉन्झर्व्हेटिव्ह नेते डॉन प्लेट सभागृहातच त्यांच्यावर ओरडले. मग क्लेमेंट आणि दुसऱ्या एक सिनेटर शांताल पेतिक्लेर यांचे फोटो समाजमाध्यमांवर फिरले, त्यांना फोन करा म्हणून. धमक्यांमुळे क्लेमेंटना काही काळ घर सोडावं लागलं. एका तहकुबीसाठी! मला याची खरंच चीड येते.

प्लेट यांनी नंतर माफी मागितली. सभापती रेमोंद गान्ये यांनीही हा प्रथमदर्शनी विशेषाधिकारभंग असल्याचा निर्णय दिला. पण हेच प्लेट कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे माजी अध्यक्ष, २००९ मध्ये तेव्हाचे कॉन्झर्व्हेटिव्ह पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी नेमलेले. अशा माणसाकडून पक्षनिरपेक्षता येणार कुठून?