अवकाश-सिम्युलेशन खेळांत स्त्रिया कमी दिसतात, त्या आवड नाही म्हणून की आवाज लपवावा लागतो म्हणून?

मघा (धागालेखिका)

गेली ७ वर्षे मी ऑनलाइन अवकाश-सिम्युलेशन, म्हणजे अवकाशजहाजे चालवण्याचे खेळ, खेळते आहे आणि त्यांतली पहिली साडेतीन वर्षे मी ‘माझा माइक बिघडला आहे’ असे खोटे सांगत काढली. हे आज उघड लिहिते, कारण या खेळांत स्त्रिया इतक्या थोड्या का, असा विषय निघाला की ‘त्यांना आवडच नसते’ एवढ्या एका वाक्यात त्याची बोळवण केली जाते, आणि ते वाक्य मला दर वेळी खटकत आले आहे.

ते खोटे कोणत्या रात्री संपले तेही सांगते. आमचा चाळीसेक जहाजांचा फ्लीट, म्हणजे तांडा, निघाला होता आणि मी दोन तारकाप्रणाली पुढे राहून टेहळणी करत होते. नेहमीप्रमाणे मी टाइप करून कळवत होते, पण गेटवर, म्हणजे ज्यातून उडी मारून दुसऱ्या प्रणालीत जातात त्या दारावर, अचानक शत्रूची जहाजे उतरू लागली, टाइप करण्याइतका वेळ उरला नाही, म्हणून मी माइक चालू केला आणि म्हणाले, ‘गेटवर सात, त्यांत दोन मोठी, उडी मारू नका.’ दोन-तीन सेकंद कोणीच काही बोलले नाही. मग एकाने विचारले, ‘ही कोण?’ दुसऱ्याने विचारले, ‘कोणाची बायको आली का माइकवर?’ हशा पिकला, त्या हशात ‘उडी मारू नका’ हे शब्द बुडाले, आमची पाच जहाजे गेटमधून पलीकडे गेली आणि तिथेच फुटली. जहाजे गेल्याचे मला फारसे दुःख नाही, ती पुन्हा बांधता येतात. मात्र सात हा आकडा बरोबर होता, हे त्या रात्री एकाच्याही तोंडून निघाले नाही.

या खेळांत नेतृत्व आवाजावर चालते, हा माझा मुख्य मुद्दा आहे. ईव्ह ऑनलाइन या बहुखेळाडू अवकाश-खेळात एका फ्लीटमध्ये २५६ पर्यंत पायलट असतात, आणि नेम कोणावर धरायचा, कोणत्या क्षणी वॉर्प करायचे (प्रचंड वेगाने दूर जायचे), कोणते जहाज सोडून द्यायचे, हे सारे फ्लीट कमांडर बोलून सांगत असतो. जी स्त्री निवांतपणे खेळता यावे म्हणून आवाज लपवते, ती निष्णात पायलट होऊ शकते, बाजारात मोठी उलाढाल करू शकते, पण कमांडर होऊ शकत नाही. आणि माइकवर आज्ञा देणारी एकही स्त्री कधी ऐकू आली नाही, की नव्याने आलेली मुलगी ही जागा आपली नव्हे असे मनाशी ठरवून मोकळी होते.

खेळ बनवणाऱ्यांकडूनही दुर्लक्ष झालेलेच आहे. स्टार सिटिझन या अवकाश-खेळासाठी लोकवर्गणी सुरू झाली २०१२ साली आणि खेळाडूला स्त्रीदेह निवडता येऊ लागला तो एप्रिल २०१९ मध्ये. रॉकेट बांधून उडवण्याच्या कर्बल स्पेस प्रोग्रॅम या खेळात व्हॅलेंटिना ही वैमानिक आली २०१५ च्या १.० आवृत्तीत, आणि पहिल्या स्त्री अंतराळवीर व्हॅलेंटिना तेरेश्कोवा प्रत्यक्ष अवकाशात जाऊन आल्या त्या १९६३ साली.

लंबवर्तुळ

तुमच्या बाबतीत जे घडले ते निंद्य आहे, त्यावर माझा काहीही वाद नाही. पण एका रात्रीच्या अनुभवावरून एवढ्या मोठ्या फरकाची कारणमीमांसा होऊ शकते, हे मला पटत नाही.

खेळाडूंच्या आवडीनिवडींचा अभ्यास करणाऱ्या क्वांटिक फाउंड्री या संस्थेने २०१७ साली आपल्या सर्वेक्षणातून प्रकारवार आकडे दिले होते. अद्भुतरम्य जगातल्या बहुखेळाडू खेळांत स्त्रिया ३६ टक्के होत्या आणि विज्ञानकथेच्या धर्तीवरील बहुखेळाडू खेळांत १६ टक्के. आता गंमत अशी नव्हे, तर विचार करण्याजोगी गोष्ट अशी आहे की दोन्हीकडे गट आहेत, दोन्हीकडे माइक आहे, दोन्हीकडे उद्धट माणसे आहेत. मग फरक उरतो तो विषयाचा आणि खेळण्याच्या पद्धतीचा. तासन्‌तास खनिज काढणे, इंजिनाच्या उष्णतेचा हिशेब ठेवणे, इंधनाचे गणित मांडणे हे अनेकांना रुक्ष वाटते आणि स्त्रियांपैकी अधिक जणींना ते तसे वाटत असेल, तर त्यात अन्याय कुठे आला?

दुसरे असे की एलीट डेंजरस या अवकाश-खेळात एकट्याने खेळण्याची सोय सुरुवातीपासून आहे. त्या प्रकारात दुसरा खेळाडू तुमच्या जहाजाजवळ येऊही शकत नाही. आवाज हाच अडथळा असता, तर तिथे तरी स्त्रिया भरपूर असायला हव्या होत्या. तसे काही मला आढळलेले नाही.

शेवटी, ओळख न सांगण्याची मुभा हे या खेळांचे वैभव आहे. समोरचा पायलट विद्यार्थी आहे की निवृत्त शल्यविशारद, हे मला ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याची गरजही नसते. त्या मुभेलाच तुम्ही दोष देत आहात.

मघा

तुम्ही दिलेल्या सर्वेक्षणातलाच आणखी एक आकडा पाहावा. स्टार वॉर्स : द ओल्ड रिपब्लिक हा खेळही त्याच विज्ञानकथेच्या प्रकारात मोडतो, त्यातही जहाजे आणि ग्रहच आहेत, आणि त्यात स्त्रियांचे प्रमाण २९ टक्के निघाले, म्हणजे त्या प्रकाराच्या सरासरीच्या जवळजवळ दुप्पट. उलट अद्भुतरम्य प्रकारातल्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये ते २३ टक्के, म्हणजे त्याच्या प्रकाराच्या सरासरीहून बरेच खाली. एकाच प्रकारात एवढी तफावत असेल, तर ‘अवकाश हा विषयच स्त्रियांना रुचत नाही’ या म्हणण्यात फारसा दम राहत नाही.

एकट्याने खेळणाऱ्यांविषयी तुम्ही जे लिहिले त्याचा पुन्हा विचार करावा. एकट्याने खेळणारी व्यक्ती कोणाच्याच नजरेस पडत नाही, तेव्हा तिथे स्त्रिया आहेत की नाहीत हे तुम्हाला किंवा मला कळणार कसे?

आणि ओळख झाकण्याच्या मुभेला मी दोष दिलेला नाही. तुम्ही ती मुभा वापरता तेव्हा तुमचे काहीच जात नाही, कारण बोलायची वेळ आली की तुम्ही बोलता आणि लोक तुमचे वाक्य ऐकतात. माझ्या बाबतीत वाक्याआधी आवाज ऐकला जातो. म्हणून पडदा एकच असला, तरी त्याची किंमत आपण दोघे सारखी मोजत नाही.

लंबवर्तुळ

एकट्याने खेळणाऱ्यांबाबतचा माझा युक्तिवाद चुकला, तो मागे घेतो. २९ टक्क्यांचे कारण मात्र कथानक असावे. त्या खेळाला आधीपासून लोकप्रिय असलेले विश्व आणि भरगच्च गोष्ट लाभली आहे, ईव्हमध्ये गोष्ट खेळाडूंनीच घडवायची असते. म्हणजे पुन्हा आवडीचाच प्रश्न आला.

स्वाती

मी स्त्री आहे, ईव्ह ऑनलाइन ११ वर्षे खेळते आहे आणि धागालेखिकेशी माझे बऱ्याच अंशी पटत नाही.

मी इंटरडिक्टर चालवते. ज्यांना हे जहाज माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते की ते असा बुडबुडा सोडते ज्याच्या आत सापडलेल्या जहाजांना वॉर्प करून पळता येत नाही. साहजिकच त्या बुडबुड्यात सर्वांत आधी माझेच जहाज फुटते, आणि ते फुटण्यापूर्वीच्या आठ-दहा सेकंदांसाठीच मी हा खेळ खेळते. पहिल्या दिवसापासून मी माइकवर बोलते. वाह्यात बोलणारे भेटले, त्यांना तिथल्या तिथे सुनावले, त्यांतले दोघे आज माझे चांगले मित्र आहेत.

हा खेळ मुळातच कठोर आहे. यात विश्वासघात करून गटाची तिजोरी रिकामी करणे नियमांत बसते, हेरगिरी नियमांत बसते, दुसऱ्याचे जहाज लुटणे नियमांत बसते. २०१४ च्या जानेवारीत बी-आर-फाइव्ह-आर-बी या प्रणालीत जी लढाई झाली, तिची ठिणगी त्या प्रणालीवरच्या ताब्याचा हप्ता वेळेवर न भरला गेल्याने पडली, आणि सुमारे २१ तासांत टायटन या सर्वांत मोठ्या प्रकारची ७५ जहाजे नष्ट झाली. एवढ्याशा चुकीला एवढी शिक्षा देणाऱ्या जगात मला कोणी जपून वागवावे, अशी माझी अपेक्षा नाही, आणि तसे कोणी वागवले तर तो मला अपमान वाटतो.

स्त्रियांसाठी वेगळे गट, वेगळे प्रशिक्षण, स्वागताचे वेगळे फलक, हे सारे मला नको आहे. दोन बहुखेळाडू खेळांतील नोंदी तपासून २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले होते की खेळण्याचा वेळ हिशेबात धरला तर स्त्रिया पुरुषांइतक्याच वेगाने वरच्या पातळ्या गाठतात. ज्यांना सवलतीची गरज नाही त्यांना सवलत देऊ केली, की त्या कमी पडतात असाच गवगवा होतो.

चौथी मिती

मी फ्लीट कमांडर आहे आणि या चर्चेत मला कबुलीजबाब द्यायचा आहे. मघा यांनी सांगितल्यासारखा प्रसंग माझ्या फ्लीटमध्येही घडला होता आणि तेव्हा मी गप्प बसलो होतो. ‘लढाईच्या मध्यावर कुठे वाद घालायचा’ अशी मी स्वतःची समजूत घातली. ती मुलगी दुसऱ्या आठवड्यापासून आली नाही. ती का आली नाही, हे मी कधी विचारलेही नाही.

नंतर मी थोडे वाचन केले. २०१२ साली कुझनेकॉफ आणि रोझ या संशोधकांनी हेलो ३ या खेळात आधी ध्वनिमुद्रित केलेली वाक्ये वापरून प्रयोग केला. वाक्ये तीच, फक्त एकदा पुरुषाच्या आवाजात आणि एकदा स्त्रीच्या. स्त्रीच्या आवाजाला पुरुषाच्या आवाजाच्या तिप्पट नकारात्मक शेरे मिळाले. २०१५ साली कासुमोविक आणि कुझनेकॉफ यांनी त्याच खेळातील नोंदींवरून दाखवले की स्त्रीशी अधिक वाईट वागणारे पुरुष हे खेळात कमी कौशल्याचे होते, आणि कौशल्य वाढत गेले तसा तो सूर निवळत गेला. ते वाचताना मला माझ्या फ्लीटमधली नेमकी कोणती माणसे आठवली, हे इथे लिहीत नाही.

स्वाती, तुमच्या धडाडीविषयी मला आदर आहे, पण एक प्रश्न विचारतो. मी फ्लीटमध्ये कोणाला घेतो तेव्हा त्याला जहाज चालवता येते का, हे पाहतो. त्याला टवाळखोराला गप्प करता येते का, हे मी कधीच पाहत नाही. मग स्त्रीकडून ही जास्तीची परीक्षा का घेतली जावी? तुम्ही ती उत्तीर्ण झालात, म्हणून ती योग्य ठरत नाही.

मी दोन गोष्टी बदलल्या. फ्लीट चालू असताना मुख्य वाहिनीवर फक्त कामाचे बोलायचे आणि आवाजावर शेरा मारणाऱ्याला त्याच क्षणी वाहिनीवरून काढायचे, लढाई चालू असली तरीही. दुसरे, टेहळणीसाठी टाइप करण्याची स्वतंत्र वाहिनी ठेवली आणि तिच्यावर लक्ष ठेवायला एक माणूस नेमला. याचा फायदा स्त्रियांनाच झाला असे नाही. आमच्यात एक जण अडखळत बोलतो, दोघांच्या घरी तान्ही मुले आहेत आणि रात्री त्यांना मोठ्याने बोलता येत नाही. ते तिघेही आता उत्तम टेहळणी करतात.

एलीट डेंजरसमधील फ्युएल रॅट्स हा गट २०१५ पासून इंधन संपून अडकलेल्या खेळाडूंना सोडवतो आहे आणि त्याचे काम मुख्यतः लेखी संवादावर चालते. अडकलेल्याला ते आधी विचारतात की पडद्यावर ऑक्सिजनची निळी उलटी मोजणी दिसते आहे का, आणि दिसत असेल तर ताबडतोब मुख्य मेनूवर, म्हणजे चालू खेळाबाहेर, जायला सांगतात. सेकंद मोजून करायचे काम टाइप करूनही होऊ शकते, याचा यापेक्षा चांगला दाखला मला माहीत नाही.

लंबवर्तुळ

हेलो हा नेमबाजीचा खेळ आहे. तिथे अनोळखी माणसे काही मिनिटांसाठी एकत्र येतात आणि पुन्हा कधी भेटत नाहीत. ईव्हमधली कॉर्पोरेशन, म्हणजे खेळाडूंचा गट, वर्षानुवर्षे टिकते, माणसे एकमेकांना ओळखतात. तिथला निष्कर्ष जसाच्या तसा इथे लावता येणार नाही.

आवाज आणि नेतृत्व यांच्या संबंधाचा मुद्दा मात्र मी आजवर लक्षात घेतला नव्हता, तो मला मान्य आहे. माझा विरोध आकड्यांमागे धावण्याला आहे. उद्या कोणी म्हणेल की निम्मे पायलट स्त्रियाच हव्यात, आणि त्यासाठी खेळ मवाळ करा.

मघा

हेलोबाबतचा आक्षेप रास्त आहे. पण ओळख दीर्घकाळची असली की त्रास थांबतो असे नाही, त्याचे रूप पालटते. शिव्या कमी होतात आणि मेहेरबानी सुरू होते. मी माइकवर बोलू लागल्यावर पंधरा दिवसांत एका अनुभवी पायलटने मला न मागता एक महागडे जहाज दिले. मी आभार मानले. त्यानंतर रोज खासगी संदेश येऊ लागले, आणि एके दिवशी मी उत्तर दिले नाही तेव्हा ‘एवढे करूनही’ असे सुरू होणारा लांबलचक संदेश आला. मी जहाज परत केले. गटात मात्र चर्चा झाली ती मी कृतघ्न असल्याची. दुसरीकडे काही जण मी मुळात पुरुषच असून आवाज बदलून हेरगिरी करते आहे, अशी शंका घेत राहिले. म्हणजे बोलले नाही तर मी कोणीच नाही, आणि बोलले तर एक तर कोणाची तरी आश्रित किंवा हेर.

निम्म्या जागा मी मागितलेल्या नाहीत आणि खेळ मवाळ करा असेही म्हटलेले नाही. माझे जहाज लुटा, मला फसवा, बुडबुड्यात अडकवून फोडा. ‘गेटवर सात’ असे मी म्हणाले की सात आहेत एवढे ऐका, आणि जो ऐकू देत नाही त्याला चौथी मिती यांच्याप्रमाणे कमांडरने तत्क्षणी थांबवावे. एवढे एक काम प्रत्येक कमांडरच्या हातात आहे आणि त्यासाठी कोणत्याही कंपनीची वाट पाहावी लागत नाही.

स्वाती

वेगळ्या गटांविषयीचे माझे मत बदललेले नाही आणि बदलेल असे वाटत नाही. ज्या मुलीला केवळ स्त्रियांच्या फ्लीटमध्ये शिकवले, तिला मिश्र फ्लीटमध्ये पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, हे मी पाहिलेले आहे.

पण जास्तीच्या परीक्षेचा जो प्रश्न चौथी मिती यांनी विचारला, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. गेले दोन दिवस मी त्यावर विचार करते आहे. आमच्या गटात एक पायलट आहे, ती स्त्री असल्याचे फक्त मला माहीत आहे. चार वर्षांत ती माइकवर एकदाही बोललेली नाही आणि तिचा स्वभावच अबोल आहे असे मी धरून चालले होते. लहान फ्लीटच्या हालचाली तिच्याइतक्या कोणालाच कळत नाहीत, टाइप करून ती मला जे सुचवते ते मी कित्येकदा स्वतःच्या आवाजात पुढे सांगितले आहे आणि शाबासकीही मीच घेतली आहे. येत्या शनिवारी आम्ही दहा-बारा जहाजे घेऊन निघणार आहोत. त्या फ्लीटची कमान तिने घ्यावी, असे मी तिला आज रात्री विचारणार आहे, आणि ती नको म्हणाली तर का नको, हेही विचारणार आहे.