गावच्या क्रिकेट क्लबचा इतिहास: सातारा-सांगलीकरांनो, तुमचे अनुभव लिहा

आमच्या मंडळाचा इतिहास लिहून काढायचं गेल्या गणपतीत ठरलं. गाव वाळवा तालुक्यातलं, कृष्णाकाठचं. चषक कपाटात दिसतात, बाकी काहीच कागदावर नाही. मंडळ उभं करणारे आता मोजकेच राहिलेत. त्यांच्याशी बोलायला बसलो तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. सामन्याचा निकाल कुणाला आठवत नाही, पण त्या साली रान कुणाचं होतं हे सगळे बांधासकट सांगतात.

आमचं पहिलं मैदान म्हणजे शाळूचं रान. काढणी झाली की जमिनीत धसकटं राहतात, पायात घुसली तर आठवडाभर लंगडायचं. पोरं ओळीनं बसून खुरप्यानं एकेक धसकट काढायची. मग बैलगाडीतून मुरूम, त्यावर पाणी, आणि दगडी रूळ. रानमालक आण्णांनी भाडं कधी घेतलं नाही. त्यांची अट एकच होती: मृगाच्या आधी सगळ्या टीमनं येऊन त्यांचं शेणखत रानात पसरून द्यायचं. कागद नाही, सही नाही, पण दोन्ही बाजूंनी शब्द पाळला गेला. माझ्या मते आमच्या मंडळाच्या इतिहासातलं हेच पहिलं पान.

विजय हजारे सांगलीत जन्मले, १९१५ साली. १९५२ मध्ये मद्रासला भारतानं पहिली कसोटी जिंकली तेव्हा कॅप्टन तेच होते. आमची जुनी माणसं हे नाव घरातल्या थोरल्याचं घ्यावं तसं घेतात. पण गावोगावचं क्रिकेट ज्यांनी उभं केलं त्यांचं कुठंच लिहिलेलं नाही. म्हणून हा धागा. जागा कुणाची, किट कुणी आणलं, धावांची वही कुणी सांभाळली, ते लिहा. नावं टाळा, नात्यानं लिहिलंत तरी चालेल.

पाटण तालुका, सध्या नवी मुंबई

दादा, आमच्याकडं शाळूचं रान कुठलं! सगळा उतार आणि भाताची खाचरं. त्यातल्या त्यात मोठ्या खाचरात खेळायचो. चेंडू खालच्या अंगाला गेला की ओढ्यात, म्हणून नियमच होता की तिकडं उचलून मारलं तर आऊट. त्यामुळं आमच्या गावचा उजवा बॅट्समन ओळखू यायचा, लेगला, म्हणजे पायाकडच्या बाजूला, मारायचाच नाही, सगळे कट, म्हणजे उलट्या बाजूला मारणारे. बाहेर स्पर्धेला गेलो की समोरचा कॅप्टन दोन ओव्हरमध्ये त्या बाजूला, पॉइंटला माणूस वाढवायचा.

क्लब मुंबईमुळं झाला. वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि आमच्या भागातली कितीतरी माणसं गावाला परत आली. वडलांना आझाद मैदानावर कांगा लीगचे, म्हणजे मुंबईतल्या क्लबांच्या पावसाळी स्पर्धेचे सामने बघायची सवय. येताना चाळीतल्या क्लबाची जुनी पॅडं आणि एक सीझन बॅट घेऊन आले. घरात पैशाची फार ओढाताण होती त्या दिवसांत, आईला ती पॅडं बघवायची नाहीत. पण संध्याकाळी रिकामी बसलेली चार माणसं त्या खाचरात यायची, पोरांना पाय कसा टाकायचा ते शिकवायची. पुढच्या वर्षी, १९८३ च्या जूनमध्ये कपिलदेवच्या टीमनं वर्ल्ड कप जिंकला. १८३ धावा करून वेस्ट इंडीजला १४० मध्ये गुंडाळलं. मग काय विचारता! त्यानंतर दर मे महिन्यात मुंबईकर विरुद्ध गावकर सामना सुरू झाला, तो अजून होतो.

मिरज तालुका

मी खेळाडू नव्हते, वही लिहायचे. माझे काका क्लबाचे सेक्रेटरी, त्यांचं अक्षर खराब म्हणून हे काम शाळेत असताना माझ्याकडं आलं. आमच्याकडं पानमळे खूप, त्यामुळं स्टंप शेवरीचे. मळ्यातून सरळ काठ्या निवडून आणायच्या, साल काढायची, टोकं तासायची. सामना संपेपर्यंत एखादा मोडायचाच.

वहीबद्दल आवर्जून लिहिते, कारण त्याला कुणी काम समजत नाही. चेंडूवर धाव नाही तर टिंब. ओव्हरचे सहा चेंडू वरखाली दोन ओळींत लिहायचे. ओव्हर निर्धाव गेली की सहा टिंबं जोडून इंग्रजी एम काढायचा. शेवटी बॅट्समनच्या धावा आणि अवांतर मिळून टीमची बेरीज जुळली पाहिजे, आणि तीच बेरीज बोलरच्या बाजूनंही पडताळायची. एका फायनलला दोन धावांचा फरक येत होता. दोन्ही कॅप्टन माझ्या डोक्यावर उभे, आणि मी कंदिलाच्या उजेडात एकेक टिंब मोजत होते. दोन लेगबाय, म्हणजे चेंडू पायाला लागून निघालेल्या अवांतर धावा, बॅट्समनच्या नावावर चढल्या होत्या, कारण पंचांनी खूण केलीच नव्हती. ती वही अजून माझ्याकडं आहे.

आता भाची खेळते. स्मृती मानधना माधवनगरची, आमच्यापासून काही लांब नाही. २०१३ मध्ये तिनं महाराष्ट्राकडून गुजरातविरुद्ध नाबाद २२४ केल्या तेव्हा आमच्या गावात फार कुणाला कळलंही नाही. २०१७ चा वर्ल्ड कप मात्र सगळ्यांनी टीव्हीवर बघितला. फायनल आपण ९ धावांनी हरलो, तरी त्या जुलैनंतर क्लबात मुली यायला लागल्या. नोव्हेंबर २०२५ ला वर्ल्ड कप जिंकला त्या रात्री चौकात त्याच मुली नाचत होत्या. त्यांना सरावाला वेळ मात्र मुलांचा खेळ संपल्यावरच मिळतो. हे मला पटत नाही आणि मी दर बैठकीत बोलते.

माण तालुका

आमच्याकडं जागा म्हणाल तेवढी, पाणी नाही. खेळपट्टीवर मारायला पाणी मागायला तोंडच नसायचं, बायका टँकरपुढं घागरी घेऊन उभ्या. म्हणून आम्ही काथ्याच्या मॅटवर खेळलो. मुरमाड जमीन आधीच टणक. बावीस यार्ड मॅट पसरायची, चारी कडांना लोखंडी खिळे ठोकायचे, आणि दोघांनी दोन्हीकडून इतकी ताणायची की खाली बोट जाऊ नये. सैल राहिली की चेंडू कुठं उडेल नेम नाही. मॅटवर लेगस्पिन फार फिरतो, त्यामुळं आमचे मामा तालुक्यात प्रसिद्ध झाले. मातीच्या पिचवर गेले की त्यांना विकेट मिळायची नाही, तरी सगळे त्यांना मानाने बोलवायचे. मॅट उन्हात वाळली की तुटते, म्हणून सामना झाल्यावर गुंडाळून देवळाच्या ओवरीत. क्लबाचं ऑफिस म्हणायचं तर तीच ओवरी.

पलूस तालुका

२००५ च्या महापुरात किटची पेटी आणि सगळ्या वह्या गेल्या. २०१९ ला पाणी त्याहून वर आलं. पूर ओसरल्यावर मैदानावर गाळ बसलेला, चालताना गुडघ्यापर्यंत पाय जायचा. घरं साफ होईपर्यंत तिकडं कुणी फिरकलं नाही. दिवाळीनंतर बघतो तर गाळ वाळून भेगाळलेला. त्यावर पाणी मारून रूळ फिरवला आणि तात्या म्हणाले, अशी खेळपट्टी आपल्याला जन्मात मिळाली नव्हती. वह्या गेल्या त्याचं दुःख आहेच. मिरजेच्या ताईंनी आपल्या वहीच्या पानांचे फोटो काढून ठेवावेत, ही कळकळीची विनंती.

कराड तालुका, वय २३

आमचा काळ वेगळा. खेळाडूंचा लिलाव, टीमचे मालक, यूट्यूबवर लाइव्ह, रात्री हॅलोजन. मला हे आवडतं, चांगल्या पोरांना चार पैसे मिळतात. पण मैदानाला लागून प्लॉटिंग सुरू झालंय. जागा खाजगी, मालकांची पुढची पिढी पुण्यात. पुढच्या वर्षी कुठं खेळायचं ते माहीत नाही.

धागा काढणारा

कराडच्या भावा, आमच्यावरही हीच वेळ आली होती. आण्णांच्या मुलांनी वाटण्या केल्या आणि रान गेलं. तेव्हा आम्ही गायरानाचा सातबारा काढला, ग्रामसभेत विषय लावून घेतला आणि जागा खेळासाठी राखून ठेवण्याचा ठराव केला. सभेला टीमच्या पोरांनी आपापल्या आयांना आणलं होतं, त्याचा फार उपयोग झाला. ठरावाची नक्कल काढून ठेव. आणि मालकांशी स्वतः जाऊन बोल, फोनवर नको. आमच्या ठरावाचा मसुदा उद्या इथं टाकतो.