दंड चालवणाऱ्याला, मालकाचं काय जातं?

"स्कूटर दिली म्हणून काय झालं, पकडलं तर चालवणाऱ्याने भरायचे" असं दुसऱ्याला गाडी देण्याबद्दल बरेच जण म्हणतात, ते हेल्मेट न घालण्याच्या दंडापुरतं ठीक. (तिथेही नुसते १००० रुपये नाहीत, लायसन तीन महिने निलंबित करायची तरतूद आहे, ती सगळे सोयीने विसरतात.) लायसनच नसेल तर मात्र गणित वेगळं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८१ खाली चालवणाऱ्याला ५००० आणि कलम १८० खाली ज्याने गाडी दिली त्यालाही ५०००. वाढीव दंड गोव्यात १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत, तेव्हा "आमच्याकडे अजून जुनेच रेट" हेही सोडा.

मला हे गणेश चवथीला कळलं. सावंतवाडीहून आलेला भाचा माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायच्या फळा-सुपाऱ्यांच्या सजावटीचं) सामान आणायला माझी स्कूटर घेऊन म्हापशाला गेला. खिशात लर्निंग लायसन होतं, पण त्याची सहा महिन्यांची मुदत केव्हाच संपलेली. पोलिसाने आधी त्याचं चलन केलं, मग आरसी (गाडीच्या नोंदणीचा कागद) बघून विचारलं, "गाडी कोणाची?" मामाची म्हटल्यावर दुसरं चलन माझ्या नावाने. एका फेरीचे दहा हजार, आणि माटोळीच्या सुपाऱ्या निम्म्या रस्त्यात सांडल्या त्या वेगळ्या.

मुलगा अठराच्या आतला असता तर कलम १९९अ, म्हणजे २५००० दंड, पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि गाडीची नोंदणी वर्षभर रद्द. आता पाहुणा कितीही जवळचा असो, किल्ली देण्याआधी मी लायसनवरची तारीख वाचतो. बायको म्हणते आरटीओ झालात.