मागच्या खिशातला वडापाव : जाड पाकीट सोडावं का?

खाडीपलीकडचा

परवा बायकोने माझं पाकीट स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवलं. १९२ ग्रॅम. "वडापाव हलका असतो यापेक्षा," म्हणाली. मग ओट्यावरच सगळं रिकामं केलं. तीन डेबिट कार्डं (एक बंद खात्याचं), एक क्रेडिट कार्ड, पॅन, लायसन, दुमडून दुमडून लॅमिनेशन फाटलेलं आधार, मुलीचे बालवाडीतले दोन फोटो (ती आता नववीत आहे), साईबाबांचा छोटा पत्रा, शाई उडालेल्या एटीएमच्या पावत्यांची गड्डी. आणि पैसे? ३४० रुपये.

रोज ठाणे-सीएसएमटी करतो. माझ्या मते आपल्यासारख्याला चार कार्डं आणि चार नोटा पुरतात. लायसन आणि आरसी डिजिलॉकरमधली चालते, केंद्राने डिसेंबर २०१८ मध्येच तसं राज्यांना कळवलं आहे. भाजीवालीकडे क्यूआर आहे, रिक्षावाल्याकडे आहे. पाकीट बारीक झालं की पुढच्या खिशात मावतं, आणि गाडीत चढताना सारखा मागे हात लावून बघावं लागत नाही. तेव्हा फक्त कार्डांचं छोटं पाकीट घ्यायचं ठरवतोय. कळ दाबली की कार्डं जिन्यासारखी वर येतात ते अ‍ॅल्युमिनियमचं घ्यावं की चामड्याचं? आणि हे सगळंच खूळ वाटत असेल तर तसंही लिहा.

सदाशिवकर

खूळच आहे. बंद खात्याचं कार्ड आणि पावत्या काढून टाकायला नवीन पाकीट लागत नाही, केराची टोपली लागते.

एसटी_आवडे

तुमचं ठाणे-सीएसएमटीचं गणित ठाणे-सीएसएमटीपुरतं ठीक आहे. माझे वडील ७८ वर्षांचे. ७५ च्या वरच्यांना एसटी फुकट झाली २०२२ च्या ऑगस्टमध्ये, तेव्हापासून नाना महिन्यातून तीनदा तालुक्याला जातात. कंडक्टरला आधार दाखवावं लागतं. त्यांच्याकडे साधा फोन आहे, डिजिलॉकर कुठून आणायचं? त्यांच्या पाकिटात आधार, बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी, माझा नंबर लिहिलेला कागद आणि थोडी चिल्लर असते. यातलं काय काढू सांगा.

चिल्लरीचं तर तुम्ही नावच घेतलं नाहीत. दहाची नाणी, आता वीसचीही. या फॅशनेबल पाकिटात नाण्याला जागा नसते. मग नाणी शर्टाच्या खिशात, तिथून वॉशिंग मशीनमध्ये.

खाडीपलीकडचा

@एसटी_आवडे, नानांचं पाकीट आहे तसंच राहू दे, मी माझ्याविषयी विचारतोय. नाणी स्कूटरच्या डिकीत टाकतो.

सदाशिवकर

म्हणजे वजन कमी झालं नाही, डिकीत गेलं.

मोजपट्टी

चर्चा हवेत चालली आहे, थोडी मापं टाकतो. बँकेचं कार्ड जगभर एकाच मापाचं : ८५.६ बाय ५४ मिमी, जाडी ०.७६. चार कार्डांची चळत झाली ३ मिमी. इथवर ठीक. आता नोट घ्या. सध्याची ५०० ची नोट ६६ बाय १५० मिमी आहे. मधोमध दुमडली की ६६ बाय ७५. लांबीत बसली, पण उंचीत? कार्डाच्या मापाला बेतलेल्या पाकिटातून १२ मिमी वर डोकावते. डोकावू द्यायची नसेल तर आणखी एक घडी घाला, म्हणजे एका नोटेचे चार थर. पाच नोटा, वीस थर. तुमचं बारीक पाकीट तिथेच फुगलं.

२०१६ च्या नोटाबंदीआधीची ५०० ची नोट तर ७३ बाय १६७ होती. ती या पाकिटांत धड बसलीच नसती. नवीन नोटा आखूड झाल्या म्हणून हे पर्याय आपल्याकडे निदान विचारात तरी घेता येतात. योगायोगाने डॉलरची नोटही ६६ मिमीच रुंद आहे, त्यामुळे अमेरिकन मनी क्लिप आपल्या नोटांना नीट चालते. पण नुसतं कार्डांचं पाकीट घेणार असाल तर आतली उंची ७० मिमीच्या खाली नको. दुकानात नोट घालून बघा, फोटोवर जाऊ नका.

उसळपाव

अ‍ॅल्युमिनियमचंच घ्या दादा. हल्ली गर्दीत खिशाला मशीन टेकवून पैसे काढतात. व्हिडिओ आला होता.

मोजपट्टी

व्हिडिओ मलाही आला होता, काकांकडून. टॅपचं कार्ड साधारण ४ सेंटीमीटरच्या आत वाचलं जातं, आणि दोन-तीन टॅपची कार्डं चिकटून असली की मशीनच गोंधळतं. पिनशिवायची मर्यादा १ जानेवारी २०२१ पासून ५००० रुपये आहे. भीती वाटत असेल तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये टॅप बंद करता येतं, ती सोय देणं रिझर्व्ह बँकेने सक्तीचं केलंय. शिवाय मशीन ज्याच्या नावावर, पैसे त्याच्याच खात्यात जाणार. असला चोर विरळा. अख्खं पाकीट उचलणारे मात्र खूप.

धातूच्या पाकिटाचा खरा तोटा मेट्रोत कळतो. चामड्याच्या पाकिटात बाहेरच्या कप्प्यात मेट्रोचं कार्ड ठेवलं तर पाकीटच टेकवून आत जाता येतं. धातूच्या पेटीतून दर वेळी बाहेर काढायचं, आणि मागचे लोक तुमचा उद्धार करणार.

कंबरदुखी

फिजिओथेरपिस्ट आहे म्हणून लिहिते. बारीक की जाड हा वाद घाला हवा तेवढा, पण पाकिटावर बसू नका. एका कुल्ह्याखाली दोन सेंटीमीटरची उशी घेऊन तासभर गाडी चालवली की कमरेचा तोल तेवढा तिरका होतो, आणि नितंबातल्या स्नायूखालून जाणाऱ्या सायटिक नर्व्हवर दाब येतो. नवीन शोध नाही हा. १९७८ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात 'क्रेडिट कार्ड वॉलेट सायटिका' या नावाने टिपण छापून आलं होतं. माझ्याकडे येणाऱ्या रिक्षावाल्यांना पहिला प्रश्न तोच विचारते.

शून्य_खिसे

पुढचा खिसा, मागचा खिसा, चोरखिसा. छान चाललंय. आमच्या कुर्त्याला एकही नाही. आजी कमरेला चंची लावायची, त्यात पानसुपारी आणि पैसे दोन्ही. बाजारात बाकीच्या बायका कनवटीला पैसे खोचत. बारीक पाकीट म्हणून तुम्ही जे आज शोधताय ते तेच आहे. आमच्या पिढीला मात्र पर्स मिळाली, आणि पर्समध्ये बारीक पाकीट टाकलं की ते डबा, छत्री, बाटली यांच्या खाली जातं. रिक्षा दारात उभी आणि मी तळ चाचपडतेय. मला उलट थोडं जाड आणि भडक रंगाचं पाकीट सोयीचं पडतं. काळं बारीक पाकीट पुरुषांनीच वापरावं.

विक्रोळी_स्लो

मी दोन वर्षांपूर्वी अजून बारीक झालो होतो. पाकीटच नाही, फोनच्या कव्हरमागे एक कार्ड आणि पाचशेची नोट. दादरला चढताना फोन गेला. फोन गेला म्हणजे सिम गेलं, यूपीआय गेलं, डिजिलॉकर गेलं, आणि मागचं कार्ड व नोटही त्याच्याबरोबर. घरचा नंबर तोंडपाठ नव्हता. एका अनोळखी काकूंनी वीस रुपये दिले.

आणि फोन हातात असला तरी काय? २०२५ मध्ये २६ मार्चला आणि परत १२ एप्रिलला यूपीआय देशभर अडखळलंच होतं. तेव्हा पाकीट कितीही बारीक करा, पण फोनपासून वेगळं ठेवा. त्यात एक कार्ड, दोन नोटा आणि कागदावर दोन फोन नंबर.

एसटी_आवडे

घ्या! नानांच्या पाकिटावरच आलात.

रापी

घरात चामड्याचं काम आहे, म्हणून थोडं लांबवतो. लोक कप्पे मोजतात, थर मोजत नाहीत. प्रत्येक कप्पा म्हणजे चामड्याचा एक थर. सहा कप्प्यांचं पाकीट रिकामं असतानाच जाड असतं. त्यापेक्षा दोनच कप्पे ठेवा आणि एकेकात दोन-दोन कार्डं घाला. म्हशीचं कातडं जाड, ते चपलेला उत्तम. पाकिटाला शेळीचं घ्या, पातळ असून दमदार. कडा रापीने तासून मग शिवलेल्या असाव्यात. दोन कडा नुसत्या एकमेकींवर चिकटवल्या असतील तर तिथेच जाडी दुप्पट. आणि चामड्याचा चुरा दाबून केलेला माल घेऊ नका, वर्षात पापुद्रे सुटतात.

कोल्हापुरीसारखं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं वापराने सुंदर रंगतं, पण मुंबईच्या पावसात पांढरी बुरशी धरतं. जून ते सप्टेंबर ते कपाटात आणि खिशात प्लास्टिकची पिशवी, असं करायची तयारी असेल तरच घ्या. धारावीत माप देऊन शिवून मिळतं.

खाडीपलीकडचा

सगळ्यांचे आभार. अ‍ॅल्युमिनियम रद्द. धारावीत सांगायचं माप असं ठरवलंय : आतून ९५ बाय ७२ मिमी, दोन कप्पे, एकदा दुमडलेल्या नोटेसाठी मागे एक खण, बाहेरून मेट्रोचं कार्ड टेकवता येईल असं, पावसात न कुजणारं. विक्रोळीकरांचा फोन नंबरांचा कागदही ठेवणार. नाण्यांबाबत मात्र मी डिकीवर ठाम आहे.

सदाशिवकर

दोन कप्पे, चपटं, पावसात न कुजणारं. रेल्वेच्या पासाचं प्लास्टिकचं कव्हर हो ते. १९९१ पासून वापरतोय.